नेम धरण्याआधी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

लष्करी धाटणीच्या टॅक्टिकल शूटर खेळांवर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. कोथरूडपासून चिंचवडपर्यंतच्या वाचकांनी ते पाठवले. बहुतेकांनी विचारलंय, ‘माझा नेम का लागत नाही?’ पत्रं नीट वाचली तर अडचण नेमाच्या आधीच कुठेतरी असते : उभं राहण्याच्या जागेत, राउटरमध्ये, माउसच्या सेटिंगमध्ये, नाहीतर टीममेटला सांगितलेल्या अर्धवट वाक्यात. म्हणून या वेळची उत्तरं ट्रिगरच्या अलीकडची आहेत.

प्रश्न : तीन वर्षं फोनवर बीजीएमआय खेळतोय, हात चांगला बसलाय. आता पीसीवर ‘इन्सर्जन्सी : सँडस्टॉर्म’ घेतला. वीस सेकंदांत आडवा होतो आणि कोणी मारलं तेही कळत नाही. रोज तासभर नेमाचा सराव करतो, तरी फरक नाही. — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोथरूड

नेमाचा सराव महिनाभर बाजूला ठेवा. बीजीएमआयमध्ये शत्रूच्या पावलांची खूण छोट्या नकाशावर उमटते, स्क्रीनच्या मधोमध क्रॉसहेअर (नेमाची फुली) असतो, गोळी लागली तरी आडोशाला जाऊन पट्टी बांधण्याइतका वेळ बहुतेकदा मिळतो. सँडस्टॉर्ममध्ये क्रॉसहेअर नाही, गोळ्यांचा आकडा नाही, आणि रायफलच्या एकदोन गोळ्यांत माणूस पडतो. डोळ्यांनी नकाशाकडे बघायची सवय मोडून ते काम कानांवर सोपवायचं आहे. साधा स्टीरिओ हेडफोन चालतो. फक्त विंडोजमधला ‘स्पेशियल साउंड’ आणि खेळातली हेडफोनची सोय, दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका. आवाजावर दोनदा प्रक्रिया झाली की तो पुढून आला की मागून, हे ओळखता येत नाही.

आता तुमचा जीव जिथे जातो त्या कोपऱ्याकडे वळू. रायगडाचा महादरवाजा आठवा. गोमुखी बांधणीमुळे तो लांबून दिसत नाही. येणाऱ्याला बुरुजांच्या कवेत शिरून वळावं लागतं, आणि वळताना त्याची कूस वरच्या पहारेकऱ्यासमोर उघडी पडते. खेळातला प्रत्येक दरवाजा तुम्हाला हेच करायला लावतो. नवा खेळाडू भिंतीला चिकटून कोपऱ्यावर येतो. तुमचा ‘डोळा’ शरीराच्या मधोमध असतो, पण खांदा आणि नळी त्याच्या आधी कोपऱ्याबाहेर जातात. समोरचा कोपऱ्यापासून लांब उभा असेल, तर तुम्हाला तो दिसण्याआधी त्याला तुमचा खांदा दिसतो. म्हणून कोपऱ्यापासून दीड-दोन मीटर मागे राहा. कोपरा हा कंपासचं टोक समजा आणि त्याच्याभोवती वर्तुळाकार, एकेक पाऊल बाजूला सरकत पलीकडची खोली फोडीफोडीनं उघडा. प्रत्येक फोड बघून झाल्यावरच पुढची. नळी छातीच्या उंचीवर आणि कोपऱ्याच्या कडेच्या किंचित बाहेर ठेवा, म्हणजे माणूस दिसल्यावर माउस हलवायला जेमतेम दोन बोटांची जागा लागेल. शेवटच्या फोडीला लीन (शरीर एका बाजूला कलवून डोकावणं) वापरा. पण लीन करून तिथेच थांबू नका, कारण तिरकं दिसणारं डोकं हेही डोकंच असतं.

दुसरी चूक रीलोडची, म्हणजे गोळ्या पुन्हा भरण्याची. पाच गोळ्या झाडल्या की रीलोडचं बटण दाबायची फोनवरची सवय इथे महागात पडते. पीसीवर रीलोडचं ‘आर’ बटण एकदा दाबलं तर अर्धं मॅगझीन काढून खिशात ठेवलं जातं आणि नंतर तेच अर्धं परत हातात येतं. आर पटकन दोनदा दाबलं तर रीलोड लवकर होतो, पण जुनं मॅगझीन उरल्या गोळ्यांसकट जमिनीवर पडतं. अशी चार मॅगझीनं फेकली की फेरीच्या शेवटी हातात पिस्तूल उरतं. आर दाबून धरलं तर मॅगझीन साधारण किती भरलंय ते कळतं. चकमक थांबली, आडोसा मिळाला, की आधी तपासा आणि गरज असेल तरच बदला.

सामान घेतानाही हात आखडता ठेवा. जड चिलखत, मोठा स्कोप आणि जास्तीचे ग्रेनेड असं सगळं घेतलं की चाल मंदावते, आणि नवशिक्याला चिलखतापेक्षा दोन पावलं लवकर आडोशाला पोहोचणं जास्त वाचवतं. एक धुराचा ग्रेनेड मात्र घ्याच. आणि माइकवर बोलताना भान ठेवा : या खेळात जवळ असलेल्या शत्रूलाही तुमचा आवाज ऐकू येतो. सुरुवातीचे दहा-बारा तास ‘चेकपॉइंट’ या सहकारी प्रकारात, संगणकाच्या शत्रूंविरुद्ध घालवा. तिथे आठ जणांपर्यंत टीम असते. तुम्ही रांगेत तिसरे चाला आणि पुढचे दोघं कुठे मरतात ते बघा. दोनच संध्याकाळींत नकाशातल्या वाईट जागा पाठ होतील.

प्रश्न : ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये पिंग ३० दिसतं, तरी रात्री नऊनंतर गोळ्या लागत नाहीत आणि भिंतीआड गेल्यावरही मरतो. नेट ३०० एमबीपीएसचं आहे. अजून वरचा प्लॅन घ्यावा का? — वाचक, हडपसर

घेऊ नका. टॅक्टिकल शूटरला एमबीपीएस फारच थोडे लागतात, त्याला लागतो नियमितपणा. प्रकाश फायबरमधून एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. पुणे-मुंबई १५० किलोमीटर धरलं तर जाऊन येऊन दीड मिलिसेकंद. बाकीचं पिंग (निरोप सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ) तुमच्या वायफायनं, कंपनीच्या मार्गानं आणि सर्व्हरनं खाल्लेलं असतं. सिंगापूरचा सर्व्हर मिळाला तर ३,९०० किलोमीटरचं अंतर नुसत्या भौतिकशास्त्रानेच ४० मिलिसेकंदांच्या आसपास घेतं, आणि कुठलाही प्लॅन ते कमी करू शकत नाही. त्यामुळे आधी सर्व्हर मुंबईचा आहे ना, ते बघा.

मग मोजा. रात्री साडेनऊला, घरात नेहमीसारखी वर्दळ असताना, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि राउटरच्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१) शंभर वेळा पिंग करा. केबलवर सगळी उत्तरं एक मिलिसेकंद किंवा त्याहून कमी यायला हवीत. वायफायवर दोन-पाच येतात, पण मधूनच ८० किंवा १५० उगवलं तर चोर घरातच आहे. राउटरपर्यंत सगळं स्वच्छ असेल तर तीच चाचणी बाहेरच्या पत्त्यावर, उदाहरणार्थ ८.८.८.८ वर, करा. शंभरातली दोन-तीन उत्तरं हरवत असतील तर तो पॅकेट लॉस. गोळी झाडल्याचा निरोप सर्व्हरला उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही, आणि सरासरी पिंग तरीही ३० दिसत राहतं. कंपनीला तक्रार करताना दोन्ही चाचण्यांचे स्क्रीनशॉट वेळेसकट जोडा. ‘नेट स्लो आहे’ एवढंच म्हटलं तर उत्तर म्हणून स्पीडटेस्ट करायला सांगतील, आणि ती तर चांगलीच येणार.

घरातला चोर बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झचा बँड असतो. सोसायटीत प्रत्येक फ्लॅटला राउटर आहे आणि या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. रात्री सगळे घरी आले की तिथे लक्ष्मी रोडवरची दिवाळीच्या आधीची गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झवर जा, आणि शक्य असेल तर सरळ केबल ओढा. कॅट ५ई पुरते. भिंतीच्या कडेनं पट्टीत बसवलेली १५ मीटर केबल वरच्या प्लॅनपेक्षा स्वस्त पडते आणि जास्त उपयोगी ठरते.

आणखी एक जागा तपासा. रात्री फोन चार्जिंगला लावले की फोटोंचा बॅकअप सुरू होतो. अपलोडची नळी भरली की तुमचे छोटे निरोप त्या रांगेत अडकतात. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (डेटाची रांग सांभाळणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधा. ते जमत नसेल तर बॅकअपची वेळ मध्यरात्रीनंतरची करा.

भिंतीआड मरणं मात्र पूर्णपणे जाणार नाही. शत्रू कोपऱ्यातून बाहेर आल्याची खबर त्याच्याकडून सर्व्हरला आणि सर्व्हरकडून तुम्हाला येते, त्यात सर्व्हरच्या ठोक्याचा (खेळाची स्थिती ताजी करण्याचा) वेळ मिळवा. सेकंदाला ६४ ठोके म्हणजे दर ठोक्याला साडेपंधरा मिलिसेकंदांच्या जरा वर. सगळं मिळून ६० मिलिसेकंद धरा. माणूस सेकंदाला ५ मीटर धावत असेल तर तेवढ्यात तो ३० सेंटिमीटर हलतो, म्हणजे जवळजवळ एका खांद्याइतका. तुम्ही आत गेलात, पण त्याच्या स्क्रीनवर तुमचा खांदा अजून बाहेर होता. म्हणून कडेला उभं राहून एकच कोपरा धरून बसू नका. एकदा दिसलात की जागा बदला.

प्रश्न : ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘व्हॅलोरंट’ दोन्ही खेळतो. एकाची सेन्सिटिव्हिटी दुसऱ्यात कशी न्यायची? — वाचक, सहकारनगर

काउंटर-स्ट्राइकच्या आकड्याला ३.१८ ने भागा. पहिल्यात माउसच्या एका काउंटला ०.०२२ अंश वळण मिळतं, दुसऱ्यात ०.०७, त्या दोहोंचं हे गुणोत्तर. डीपीआय (माउस इंचभर सरकला की किती काउंट पाठवतो तो आकडा) दोन्हीकडे तोच ठेवा. काउंटर-स्ट्राइकमध्ये ८०० डीपीआय आणि १ सेन्सिटिव्हिटी असेल तर पूर्ण गिरकीला माउस सुमारे ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो. मुख्य म्हणजे विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा आहे. जेवायला हाक मारली की ‘मॅच अर्धवट सोडली तर बॅन होतो’ म्हणतो. खरं आहे का? आणि हा बंदुकांचा खेळ त्याच्या वयाला चालतो का? — आई, सिंहगड रोड

ताई, बॅनचं म्हणणं खरं आहे. क्रमवारीच्या सामन्यातून मध्येच उठलं की उरलेले चौघं पाचांविरुद्ध अडकतात, म्हणून काउंटर-स्ट्राइकमध्ये सोडून जाणाऱ्यावर काही काळ बंदी येते आणि पुन्हा पुन्हा केलं तर ती सात दिवसांपर्यंत वाढते. त्यामुळे हाक मारताना ‘बंद कर’ म्हणण्याऐवजी ‘स्कोअर किती?’ असं विचारा. जो संघ आधी १३ फेऱ्या जिंकतो तो सामना जिंकतो. एक फेरी जास्तीत जास्त १ मिनिट ५५ सेकंदांची, बॉम्ब लागला तर त्यापुढे ४० सेकंद. स्कोअर १२-५ असेल तर भाजी गरम करायला ठेवा. ४-३ असेल तर सामना अजून अर्धा तास चालू शकतो, आणि साडेआठला जेवायचं माहीत असताना तो आठ वाजता का सुरू केला, हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नियम सामना सुरू करण्याच्या वेळेवर ठेवा, थांबवण्याच्या नव्हे. ‘पावणेआठनंतर नवा सामना नाही’ असा नियम पाळता येतो.

वयाचं सांगायचं तर युरोपच्या पेगी मानांकनानुसार ‘रेनबो सिक्स सीज’ आणि ‘रेडी ऑर नॉट’ १८ वर्षांवरच्यांसाठी आहेत, ‘व्हॅलोरंट’ १६. ‘रेडी ऑर नॉट’ तर चौदाव्या वर्षी नकोच. त्यात ओलीस, जखमी नागरिक आणि मुलांवरच्या अत्याचारांचे प्रसंग येतात, आणि ते मोठ्यांनाही जड जातात. बंदुकीपेक्षा आम्हाला जास्त काळजी वाटते ती अनोळखी लोकांच्या व्हॉइस चॅटची आणि पैसे देऊन उघडायच्या पेट्यांची. आवाज फक्त मित्रांपुरता ठेवायची सोय सेटिंगमध्ये आहे. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात ‘फॅमिलीज’मध्ये मुलाचं खातं जोडलंत तर रोजचे तास, खेळांची यादी आणि खरेदीची परवानगी तुमच्या हातात येते. त्या खात्यावर कार्ड किंवा यूपीआय जोडू नका.

प्रश्न : मी पायदळातून निवृत्त सुभेदार. नातू ‘आर्मा ३’ खेळतो आणि मला झीरोइंग समजावून सांगतो! यात खरं किती आणि खोटं किती? — वाचक, खडकवासला

सुभेदारसाहेब, नातू झीरोइंगबद्दल (साइट अंतराप्रमाणे जुळवण्याबद्दल) सांगतोय ते बरंचसं बरोबर असणार. चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हनं हा खेळ २०१३ मध्ये काढला, आणि त्यात गोळी सरळ रेघ म्हणून जात नाही, वेळ घेत आणि खाली पडत जाते. ७.६२ गुणिले ३९ ची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ७१५ मीटर वेगानं निघते. हवेचा अडथळा शून्य धरला तरी ४०० मीटरला तिला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात ती दीड मीटर खाली येते. तेवढ्यात चालणारा माणूस पाऊण मीटर पुढे गेलेला असतो. नातू पेज अप आणि पेज डाउननं साइटचं अंतर बदलतो ते यासाठी. ‘एस’ नावाचा मॉड (खेळाडूंनी बनवलेली जोड) घातला तर वाऱ्याचाही हिशोब करावा लागतो. खेळातलं ‘अल्टिस’ हे बेट सुमारे २७० चौरस किलोमीटरचं आहे. तुमच्या शेजारचा एनडीएचा परिसर साधारण २८ चौरस किलोमीटर, म्हणजे तसे साडेनऊ. हेलिकॉप्टर चुकलं तर चालण्यातच पाऊण तास जातो, आणि तो गेलेला बरा : नकाशा वाचणं तिथेच येतं.

खोटं काय? तीस किलो पाठीवर घेऊन चढ चढल्यावर श्वास कसा लागतो ते स्क्रीनवरची डुलणारी नळी सांगू शकत नाही. रायफल साफ करावी लागत नाही. भीती नाही, त्यामुळे खेळाडू उघड्यावर उठून पळतो आणि मेला तर पुन्हा उठतो. तुम्हाला नातवाला एक गोष्ट नक्की शिकवता येईल : फायर अँड मूव्ह. एकानं शत्रूचं डोकं खाली ठेवायचं, तेवढ्यात दुसऱ्यानं पुढचा आडोसा गाठायचा, मग अदलाबदल. मुलं दोघं एकदमच पळतात आणि दोघंही पडतात. पुढच्या वेळी शेजारी बसून फक्त ‘कव्हर कोण देतंय?’ एवढं विचारत राहा.

प्रश्न : आम्ही सात मित्र ‘स्क्वॉड’ खेळतो. सगळे एकदम ओरडतात, ‘समोर, समोर, डावीकडे!’ काही कळत नाही. मराठीत नीट कॉल कसा द्यायचा? — वाचक, चिंचवड

‘डावीकडे’ हा शब्दच टीमबाहेर काढा. प्रत्येकाचं डावं वेगळं. ‘स्क्वॉड’मध्ये पन्नास विरुद्ध पन्नास खेळाडू आणि एका तुकडीत नऊ जण असतात. नऊ दिशांना तोंडं असताना सगळ्यांना सारखा असतो तो फक्त कंपास. स्क्रीनच्या खाली अंश दिसतात, तेच वाचा. पण तुमचे १४० अंश शेजाऱ्यालाही लागू पडतील ते तुम्ही जवळजवळ उभे असाल तरच. दोनशे मीटरवर असाल तर अंशांऐवजी नकाशावरचा चौकोन सांगा.

क्रम असा ठेवा : दिशा, अंतर, किती, कशाजवळ, काय करतायत. ‘एक-चार-शून्य, दीडशे मीटर, दोघं, पडक्या भिंतीमागे, उजव्या हाताच्या झाडीकडे सरकतायत.’ चार सेकंदांत होतं. दिशा आधी कारण ऐकणारा पहिल्याच शब्दाला वळू लागतो. आकडे तोडून बोला. ‘एकशे पन्नास’ आणि ‘एकशे पंचावन्न’च्या घोळापेक्षा ‘एक-पाच-शून्य’ गोळीबारातही ऐकू येतं. मेलेल्यानं एकदाच, एका वाक्यात खबर द्यायची आणि गप्प बसायचं. ‘अरे यार कसा मारला’ हे पाच सेकंद जिवंत असलेल्याच्या कानातली पावलं खातात.

तुकडीप्रमुखाचं ओझंही वाटून घ्या. त्याच्या कानात दोन वाहिन्या असतात, तुकडीची आणि इतर प्रमुखांची. तो वरच्या वाहिनीवर बोलतोय असं दिसलं की बाकीच्यांनी पाच सेकंद थांबायचं. सात जण आहात, तर चौघं आणि तिघं असे दोन फायरटीम करा. तिघांच्या म्होरक्यानंच प्रमुखाशी बोलायचं. आणि हॅब, म्हणजे मेल्यावर पुन्हा उतरण्याचं ठाणं, तळाच्या रेडिओला खेटून बांधू नका. शत्रू जवळ आला की हॅबवरून उतरणं बंद होतं, आणि दोन्ही एकाच जागी असले की एकाच हल्ल्यात जातात. मधे एखादी टेकाडाची कड किंवा इमारत राहू द्या.

प्रश्न : १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला, फरक जाणवत नाही. उन्हाळ्यात तर दुपारी खेळ अडखळतो. — वाचक, पिंपळे सौदागर

विंडोजच्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन बघा, बहुधा अजून ६०च असेल. ते आपोआप बदलतंच असं नाही. केबल ग्राफिक्स कार्डात आहे ना, मदरबोर्डात नाही, तेही पाहा. १६ जीबी रॅम एकाच पट्टीत असेल तर ८-८ च्या दोन पट्ट्या करा. दोन मार्गांनी डेटा आला की धक्के कमी होतात. दुपारचं अडखळणं उष्णतेचं आहे : एप्रिल-मेमध्ये खोलीच ३६-३७ अंशांवर असते, प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो. फिल्टर आणि पंख्यांतली धूळ ब्लोअरनं काढा. पंखे फिरू नयेत म्हणून बोटानं धरून ठेवा. तीन-चार वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट बदला, आणि एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) १४० वर बांधा.

प्रश्न : ‘बॅटलफील्ड ६’ सुरू करताना ‘सिक्युअर बूट चालू नाही’ असं येतं. बायोसमध्ये जाऊन चालू केलं तर पीसीच उठेना. परत बंद केलं. आता? — वाचक, वारजे

तुमची विंडोज बहुधा जुन्या, लेगसी पद्धतीनं बसवलेली आहे. सिक्युअर बूटला (पीसी सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीला) यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत, लागते आणि त्यासाठी डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या प्रकारची हवी. आधी ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ बघा. तिथे ‘लेगसी’ असेल तर क्रम चुकवू नका. पहिल्यांदा महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून त्याला तात्पुरतं थांबवा. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोजचंच ‘एमबीआर टू जीपीटी’ हे साधन आधी तपासणीपुरतं चालवा. तपासणी पास झाली तरच रूपांतर. त्यानंतर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीला आधार देणारी सोय) बंद करा, पीसी विंडोजपर्यंत उठतो हे एकदा बघा, आणि मगच सिक्युअर बूट चालू करा. त्याच फेरीत टीपीएमही (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) चालू करून टाका. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. विंडोज ११ वर ‘व्हॅलोरंट’लाही ही दोन्ही लागतात. काम दिवसा करा, आणि पीसी यूपीएसवर ठेवा : रूपांतर चालू असताना वीज गेली तर विंडोज नव्यानं टाकावी लागेल.